पत्रकावरचा नंबर

२ जानेवारी, शुक्रवार

पत्रक आज अखेर जगात गेलं. केतकीने, म्हणजे माझ्या नातीने, आपल्या फोनवरून ते कुठेकुठे पाठवलं आणि म्हणाली, ‘आजोबा, आता बघा, व्हायरल होईल.’ आमच्या काळी हा शब्द तापाला लावत. असो. मजकूर माझा आहे. आपल्या मराठी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, रथसप्तमी, रविवार पंचवीस जानेवारी, हैदराबादेत काचिगुड्याला मराठी मंडळाचं सभागृह. येणाऱ्यांनी बाळकृष्ण सरांना फोन करून नाव कळवावं. खाली माझा मोबाईल नंबर, ठळक अक्षरांत.

शाळा बंद पडून किती काळ लोटला! इमारतीत आता इंजिनियरिंगच्या प्रवेशपरीक्षेचे क्लास चालतात. माझ्या सातवीच्या वर्गाची खिडकी कुणा पहिल्या आलेल्या मुलाच्या दोन मजली फोटोखाली झाकली गेली आहे. पण शाळा गेली म्हणून मुलं कुठे जातात? आहेतच की इथे-तिथे. त्यांनी यावं, समोर बसावं, आणि मी पुन्हा एकदा पाठ्यपुस्तकातली कंदिलाची कविता म्हणावी:

*कंदील घेउनि हाती आई उभी अंगणी दारी,*
*वाट पाहते कोण कुणाची, पुसती चांदण्या चारी.*

मंडळाचे चिटणीस एकनाथराव वकील. वकिलाला कवितेचं काय! म्हणाले, ‘मास्तर, वीस तारखेपर्यंत नावं आली तर स्वयंपाक्याला सांगतो. नाही आली तर सभागृह लग्नवाल्यांना. त्यांची चिठ्ठी येऊन पडलीय माझ्याकडे.’

येतील हो नावं.

संध्याकाळी पहिला फोन! अनोळखी नंबर. लगेच उचलला.

‘नमस्ते सर!’

काय ती हाक. ‘बोल बाळ. कोणती बॅच?’

‘नई बॅच, सर. आठ दिन हुए जॉइन होके.’

‘अरे, शाळेची बॅच विचारतोय.’

‘सर, मैं सितारा मोबाईल से बात कर रहा. आपका नंबर सितारा में लेके आओ सर, नेट भोत फास्ट है.’

आतून इंदुमतीचा, म्हणजे आमच्या हिचा, आवाज आला, ‘आला का विद्यार्थी? जेवायला थांबतोय का?’

३ जानेवारी, शनिवार

आज दिवसभर फोन. सगळे सितारावाले. इंदू म्हणते, नंबर चव्हाट्यावर मांडला की असंच व्हायचं.

एक मात्र खरं. प्रत्येक जण ‘सर’ म्हणूनच सुरुवात करतो. भाजीवाला मला तेलुगूत ‘पेद्दायना’, म्हणजे म्हातारबुवा म्हणतो, बँकेतली मुलगी ‘अंकल’ म्हणते, आणि अमोल म्हणतो ‘बाबा, हळू.’ सर कोण म्हणतं आता?

४ जानेवारी, रविवार

अमोल कुकटपल्लीहून आला, सूनबाई आणि केतकीसह. ताटावर बसलो आणि तीनदा फोन वाजला. तिन्ही वेळा मी हात धुऊन उठलो.

‘बाबा, अनोळखी नंबर ब्लॉक करून टाकतो. एक बटण दाबायचं,’ अमोल म्हणाला.

‘आणि त्यात एखादा माझा विद्यार्थी असला तर?’

‘आतापर्यंत किती आले विद्यार्थ्यांचे?’

हा प्रश्न तो ज्या आवाजात विचारतो, त्याच आवाजात ऑफिसात लोकांना कामावरून काढत असेल.

मग केतकीने तोड काढली. फोनमध्ये काहीतरी घातलं, त्यामुळे बोलणाऱ्याचं नाव आधीच पडद्यावर दिसतं. दुपारी फोन वाजला. पडद्यावर लाल अक्षरं: ‘सितारा सेल्स.’ अर्ध्या तासाने पुन्हा तेच. पुन्हा तेच. संध्याकाळी मी तिला म्हटलं, ‘बाळा, काढून टाक ते.’

‘का आजोबा? सो युजफुल.’

‘वाजल्यापासून उचलेपर्यंतचा वेळ चांगला जात होता गं.’

तिला कळलं नाही. पण काढलं.

६ जानेवारी, मंगळवार

युद्धाची रीत बदलली. मी कुणाचाही फोन आधी ठेवत नाही. पाहुण्याला दारातून लोटायचं हे आपल्यात नाही. पण पाहुण्याने चहा घेतल्याशिवाय जायचं नाही, हेही आपल्यातच आहे. तेव्हा आता त्यांचं बोलणं आधी मी ऐकतो, आणि मग माझी कविता त्यांनी ऐकायची.

सकाळच्या गड्याला पहिलं कडवं झेपलं. ‘सर, प्लॅन के बारे में…’ म्हणाला. मी दुसरं सुरू केलं. त्याने फोन ठेवला. माझ्या वर्गातून न विचारता उठून गेलेला हा पहिलाच.

दुपारची एक मुलगी मात्र शेवटपर्यंत थांबली. शेवटी म्हणाली, ‘वाह सर. धिस कॉल इज रेकॉर्डेड फॉर ट्रेनिंग पर्पज.’ रेकॉर्ड! आकाशवाणीच्या पायऱ्या झिजवल्या तेव्हा कुणी रेकॉर्ड केली नाही, आणि आता घरबसल्या! इंदूला सांगितलं. ती म्हणाली, ‘छान. आता त्या रेकॉर्डवाल्यांनाच बोलवा मेळाव्याला. निदान कुणी येईल.’

लागतं तिचं बोलणं कधीकधी.

शाळेच्या मुलांपैकी अजून कुणाचा नाही. मुलं कामाची माणसं झालीत. रविवारी वेळ मिळेल तेव्हा करतील.

८ जानेवारी, गुरुवार

आजचा दिवस लिहून ठेवण्याजोगा.

फोन सिताराचाच, पण आवाज मराठी! ‘नमस्कार सर, मी त्रिवेणी बोलतेय.’ मुलगी मूळची भैंशाची, सातवीपर्यंत तिथल्या मराठी शाळेत शिकलेली, आता कुकटपल्लीच्या ऑफिसात फोनवर असते. मी प्लॅनबिन काही ऐकून घेतलं नाही. विचारलं, ‘शाळेतली एखादी कविता येते का गं?’

‘येते ना सर. कंदिलाची.’

मी खुर्चीत ताठ बसलो. तिने म्हटली. चारही कडवी, बिनचूक! आणि लय अगदी माझी. दुसऱ्या कडव्यानंतर वर्गात मी घोटभर पाणी प्यायचो, अजूनही पितो. नेमकी तिथे तीही थांबली, आणि मग पुढे गेली. भैंशाची शाळा वेगळी, शिक्षक वेगळे, पण परंपरा बघा कशी एक आहे!

आता माझ्या वर्गाचा एक नियम होता. जो पूर्ण कविता न अडखळता म्हणेल, त्याने मागावं आणि मी द्यावं. कुणी गृहपाठाची सुटी मागितली, कुणी खिडकीजवळची जागा. एकाने माझी छत्री मागितली होती. दिली, आणि भिजत घरी आलो. शब्द म्हणजे शब्द.

डोळे पाणावले होते. तोंडातून गेलंच, ‘माग बाळ, काय हवं?’

ती हळू आवाजात म्हणाली, ‘सर, तुमचा नंबर सिताराला द्या ना.’

‘नंबर बदलेल का? पत्रकावर छापलाय तो.’

‘नाही सर, तोच राहतो. एक मिनिटही बंद पडत नाही.’

‘दिला,’ मी म्हणालो.

तिने सांगितला तसा निरोप पाठवला, उलट आलेली अक्षरं-आकडे तिला वाचून दाखवले. ‘थँक यू सर, माझं या महिन्याचं…’ असं काहीतरी म्हणाली आणि पुन्हा पुन्हा थँक यू म्हणत राहिली. किती हळवी मुलगी.

इंदूला एवढ्यात सांगत नाही.

१० जानेवारी, शनिवार

सितारातर्फे अप्पाराव नावाचे गृहस्थ सिमकार्ड घेऊन आले. जुनं बंद पडलं की हे घालायचं. आधारकार्ड पाहिलं, फोटो काढला. ‘कोंचम नव्वंडी सार, थोडा हँसो.’ मी हसलो. आधारवर मी नेहमीच गुन्हेगारासारखा दिसत आलो आहे, म्हटलं एका ठिकाणी तरी माणूस दिसू दे.

इंदू चहा घेऊन बाहेर आली आणि सगळं उघडं पडलं.

‘म्हणजे एवढे दिवस नको नको म्हणून, शेवटी एका कवितेवर दिलात?’

‘अगं, बिनचूक म्हटली तिने.’

‘बरं झालं तिने घर नाही मागितलं.’

अप्पारावांना मराठी येत नाही. पण चहा पिताना ते माझ्याकडे फार आपुलकीने पाहत होते.

१३ जानेवारी, मंगळवार

काल सकाळी जुनं कार्ड बंद पडलं. नवं घातलं, तेही मुकं. आज सबंध दिवस फोन एकदाही वाजला नाही. घरात इतकी शांतता की भिंतीवरचं घड्याळ मोठ्याने बोलायला लागलं.

दुपारी एकनाथराव धापा टाकत जिना चढून आले. ‘मास्तर, हौ-नको काही तर बोला! तीनदा फोन केला. बाई म्हणते, हा नंबर अस्तित्वात नाही.’

अस्तित्वात नाही! पत्रक गावभर गेलंय. आता, नेमकी आता मुलं फोन करत असणार, आणि ती बाई प्रत्येकाला सांगत असणार की सर अस्तित्वात नाहीत.

एकनाथराव म्हणाले, ‘वीस म्हणजे वीस, बरं का.’

१५ जानेवारी, गुरुवार

सणाची सुटी. सिताराचं दुकान बंद. गच्चीवर गेलो. आमचा सगळा बरकतपुरा पतंगांनी भरला होता. एक पतंग कटला आणि उडवणाऱ्याच्या हातात नाही, कापणाऱ्याच्याही नाही, असा मधल्यामध्ये तरंगत राहिला. माझा नंबर सध्या तिथे असावा.

१७ जानेवारी, शनिवार

इंदूला घेऊन रिक्षाने आबिड्सला गेलो. सिताराच्या दुकानात आधी टोकन, मग गार हवा, मग वाट पाहणं. काउंटरवर उषा नावाची पाटी लावलेल्या बाई. हिंदीत बोलत होत्या. मी इथे माझ्या मराठीत लिहितो.

‘सर, जुन्या कंपनीने नंबर सोडलाय.’

‘मग तुमच्याकडे आला?’

‘अजून नाही.’

‘मग आहे कुठे?’

‘सिस्टिममध्ये.’

‘तक्रार लिहून घ्या.’

‘तक्रार फोनवरून करायची सर, तुमच्याच नंबरवरून.’

इंदूने पदर खोचला. हैदराबादेत जन्म गेलाय तिचा, अशा वेळी तिला शुद्ध मराठी सुचत नाही. ‘ओ अम्मा, नंबर बंद है बोलके तो आये ना हम! बंद नंबर से कैसा बात करते, तुम करके दिखाओ!’ रांगेतले लोक हसले. बाईंनी घाईने इंदूचा बटणांचा फोन ‘पर्यायी क्रमांक’ म्हणून लिहून घेतला, आणि म्हणाल्या, ‘पण मॅडम, सरांनी स्वतः संमती दिलीय. रेकॉर्ड आहे.’ आणि संगणकावर लावलंच.

दुकानभर माझा आवाज. ‘माग बाळ, काय हवं?’ मग, ‘दिला.’

काय सांगू. शेवटच्या त्या शब्दात कंप होता, पण स्वर जागचा हलला नव्हता. पंच्याहत्तरी उलटल्यावर असा आवाज! मी बाईंना म्हटलं, ‘याच्या आधीचा भाग लावता का? कविता आहे त्यात.’

इंदूने मला दंडाला धरून बाहेर आणलं. रिक्षात बसवलं. बरकतपुऱ्याच्या चौकात म्हणाली, ‘तुमच्या मुलांचे फोन येणं बंद झालंय, आणि तुम्ही स्वतःचा आवाज ऐकत बसता.’

ते खरं आहे. घरी येऊन कॅलेंडर पाहिलं. तीन दिवस उरले.

१९ जानेवारी, सोमवार

आता इंदूच्या फोनवरही सिताराचे फोन सुरू झाले. तिची रीत निराळी. ‘कोण? सितारा? नवऱ्याचा नंबर खाल्लात, आता माझ्यावर डोळा का?’ आणि खट्ट.

संध्याकाळी मात्र ती बराच वेळ कानाला फोन लावून उभी राहिली. मग म्हणाली, ‘घ्या. तुमची ती. ऑफिसातून नाही, स्वतःच्या फोनवरून करतेय म्हणे.’

‘सर, माफ करा,’ त्रिवेणी म्हणाली. ‘जुन्या कंपनीकडच्या फोटोत तुमचे केस काळे आहेत आणि गंभीर आहात. नव्या फोटोत पांढरे आहेत आणि हसताय. सिस्टिम म्हणते ही दोन माणसं आहेत. मी वरच्यांच्या मागे लागलेय. आणि सर, अजून एक सांगायचंय. ती कविता आम्हाला शाळेत नव्हती.’

‘मग कुठे शिकलीस?’

‘इथेच. तुमचे कॉल ट्रेनिंगमध्ये लावतात सर. नवीन आलेल्यांना. कस्टमर फोनच ठेवत नसेल तर काय करायचं, म्हणून. सगळ्यांची पाठ झालीय. तुमच्या नियमाचंही तुम्हीच एका कॉलवर सांगितलं होतं. टार्गेट राहिलं होतं माझं, म्हणून…’

पुढचं मी नीट ऐकलंच नाही. कुकटपल्लीच्या त्या ऑफिसात माझी कविता सगळ्यांना पाठ आहे! तेलुगू मुलांना, उर्दू मुलांना! या शहरात मराठी कविता शिकवणारी आता तेवढी एकच जागा उरली असेल. मी तिला म्हटलं, ‘रडतेस कशाला वेडे? तिसऱ्या कडव्यात जरा सावकाश जायला सांग सगळ्यांना.’

फोन परत दिला तेव्हा इंदू म्हणाली, ‘तिने माफी मागितली ना?’

‘माफी कशाची?’

इंदूने माझ्याकडे पाहिलं आणि भाजी निवडायला बसली.

२० जानेवारी, मंगळवार

एकनाथराव आले. नावं शून्य. सभागृह लग्नवाल्यांना गेलं. ‘मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. लोकांना वेळ नसतो.’

‘वेळ नसतो असं कसं म्हणता? फोनच बंद होता!’

‘दोन तारखेपासून बारापर्यंत चालू होता,’ वकील म्हणाले.

ते गेल्यावर अंधार होईपर्यंत तसाच बसून होतो. दोन ते बारा. पहिले दहा दिवस. मनात नको ते आलं. सातवीच्या खिडकीतून दिसणारे चेहरे आठवायला गेलो, तर नावं आठवतात आणि चेहरे नाहीत. मला त्यांचे आठवत नाहीत, तर त्यांना माझा…

इथे थांबतो. इंदूने दिवा लावला आहे.

२४ जानेवारी, शनिवार

सकाळी मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तर फोन टेबलावर थरथरत होता. नंबर सुरू झाला! बंद असताना कोणी कोणी फोन केले होते, त्याचे निरोप एकामागून एक पडत होते. टिंग, टिंग, टिंग. थांबेचनात. माझा चष्मा सापडेना.

अमोल सगळ्यांना घेऊन आला होता. तो भडकलेलाच होता. ग्राहक मंचाकडे जाणार होता. ‘हाच पुरावा पाहिजे मला. बंद पडल्यामुळे कुणाकुणाचे फोन चुकले ते दाखवू.’ पण त्याच्या आधी इंदूने फोन उचलला आणि खिडकीशी जाऊन डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ पाहत होती.

‘मुलांचे आहेत का गं?’ मी विचारलं.

तिने अमोलला फोन दाखवला. त्याने अंगठ्याने वर केलं, आणखी वर केलं. केतकी त्याच्या खांद्यावरून डोकावली.

‘पप्पा, हे तर सगळे सिता…’

‘तू लाडू खा,’ म्हणून इंदूने तिच्या तोंडात तिळाचा लाडू कोंबला.

‘किती आहेत?’ मी म्हणालो.

‘खूप आहेत,’ इंदू म्हणाली. ‘पुष्कळ जणांनी केलेत.’

‘मग दे इकडे. एकेकाला उलट फोन करतो.’

ती फोनशी काहीतरी चाळा करत होती. मग म्हणाली, ‘अगंबाई! पुसले गेले वाटतं माझ्या हातून.’

मी चटकन अमोलकडे पाहिलं. मला वाटलं, हा आता आईवर ओरडणार. पुरावाच गेला ना! पण तो शांत होता. ‘आई म्हणते ते खरं आहे बाबा. बरेच होते,’ एवढंच म्हणाला. तक्रारीचं पुन्हा काढलं नाही. अनोळखी नंबर ब्लॉक करायचंही बोलला नाही. गाडीच्या किल्लीशी खेळत बसला. नोकरीत ताण असावा.

इंदू मात्र फार ओशाळलेली दिसली, डोळे पुसत होती. मीच तिची समजूत घातली. म्हटलं, असू दे. तुला त्या फोनची सवय नाही, चूक होते माणसाकडून. मी नाही रागावलो.

२५ जानेवारी, रविवार, रथसप्तमी

इंदूने सकाळी गच्चीवर सूर्यासमोर दूध उतू जाऊ दिलं. दुपारी काचिगुड्याच्या बाजूने लग्नाचा बँड ऐकू येत होता. आमच्याच सभागृहातला असणार. वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही. रात्री छान झोप लागली होती. पुष्कळ जणांनी फोन केले होते! बंद नंबरवर पुन्हा पुन्हा करत राहिले म्हणजे बघा. वकिलाला उद्या सांगतो. कोणकोण असतील? खिडकीजवळची जागा मागणारा तर असेलच. छत्रीवाला असेल.

जेवताना इंदूला म्हटलं, ‘पुढच्या वर्षी पत्रक दिवाळीतच काढू. आणि यंदासारखा घोळ नको.’

ती ताटातला भात कालवत होती. म्हणाली, ‘पुढच्या वर्षी पत्रकावर माझा नंबर घाला.’

‘तुझा? तुला तर फोन वाजला की कपाळाला आठी पडते.’

‘घाला म्हटलं ना. फोन मी घेईन सगळे. कोण येणार, कोण नाही, ते मीच तुम्हाला सांगेन.’

मी पाहतच राहिलो. जन्मभर या बाईला माझ्या वर्गातलं एक नाव कधी लक्षात ठेवता आलं नाही. कविता सुरू केली की उठून स्वयंपाकघरात जायची. उशिरा का होईना, हिला शाळेची गोडी लागली.